बाईंच्या जागी

...आणि वर मलाच विचारतात, "एवढी दचकतेस काय गं?" अहो, दचकू नको तर काय करू? तुम्ही सकाळी पावणेदहाला कामावर पोचलात, ऑफिसात तुमच्या आधी कुणी आलेलं नाही, दिवे तुम्हीच लावलेत, पंखा तुम्हीच सुरू केलात, पर्स टेबलावर ठेवून खुर्चीत बसलात आणि खुर्ची गरम! गरम म्हणजे उन्हानं तापते तशी नाही हो, नुकतंच कुणीतरी उठून गेल्यावर असते ना, तशी... कोमट. तुम्ही काय कराल? मी उडालेच. शिपाईकाका किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभे. "काय झालं?" म्हटलं, "काका, खुर्ची गरम आहे." त्यावर हा माणूस शांतपणे म्हणतो, "मग बरंच की. थंडीचे दिवस आहेत."

हे असं! आणि मी घाबरट नाही हं, आधीच सांगून ठेवते. मी घाबरत नाही, दचकते. दोन्हींत फरक आहे. घाबरलेला माणूस पळून जातो, दचकलेला माणूस उडतो आणि परत त्याच खुर्चीत येऊन बसतो. मी दोन वर्षं बसले.

पण थांबा, नीट सांगते, नाहीतर म्हणाल ही पोरगी काहीतरीच बरळतेय. तर मी इतिहासात एम.ए. झालेले. म्हणजे नोकरीच्या दृष्टीनं मी स्वतःच इतिहासजमा. बाबा रोज पेपरातल्या जाहिरातींना लाल पेनानं गोल करायचे आणि तो पेपर माझ्या ताटाशेजारी ठेवायचे, न बोलता. त्या न बोलण्यानं घास उतरायचा नाही हो घशाखाली! शेवटी शेजारच्या काकूंनी एका एजन्सीचा पत्ता दिला. एजन्सी म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, करकरणारा जिना, आत एक टेबल, एक साहेब आणि दोन फोन. सरकारी ऑफिसांना माणसं पुरवायचं काम. पाण्याचे जार पुरवतात ना, तसं. विनोद नाही करत, खालच्या पाटीवर दोन्ही लिहिलेलं होतं, आधी जार.

मी सर्टिफिकिटांची फाइल उघडायच्या आत साहेबांनी विचारलं, "बसता येतं?"

"कुठे?"

"खुर्चीत. दहा ते साडेपाच."

"येतं..."

"झालं मग. उद्यापासून जा."

"पण सर, काम कुणाच्या हाताखाली?"

एक फोन कानाला, दुसरा मानेखाली दाबलेला, आणि त्या दोन फोनांच्या मधून मला म्हणतात, "हाताखाली नाही कुणाच्या. जागी. कुणाच्या तरी जागी."

मी हसले हो! मला वाटलं साहेब गमतीशीर आहेत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. दुमजली इमारत, तळमजल्यावर सात खिडक्या, चौथीवर पाटी: 'दुय्यम प्रत'. म्हणजे कुणाचा दाखला हरवला, भिजला, वाळवीनं खाल्ला, नवऱ्यानं रागाच्या भरात फाडला, की त्यानं चार नंबरला यायचं, आपण रजिस्टरात मूळ नोंद शोधायची, नक्कल काढायची, शिक्का मारायचा, सही करायची, पुढचा. मला खिडकीशी घेऊन गेले ते हेडक्लार्क. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. बोलताना ते तुमच्याकडे बघतच नाहीत, तुमच्या खांद्यावरून मागे बघतात, जणू मागे कुणी उभं आहे. पहिल्या दिवशी मी तीनदा वळून पाहिलं.

"ही बाईंची जागा," भाऊसाहेब म्हणाले. "कॉम्प्युटर बाईंचा. पासवर्ड बाईंचा, तो कीबोर्डखाली चिकटवलाय. शिक्का बाईंचा. सही बाईंची."

"सहीसुद्धा?"

"मग? कंत्राटी माणसाची सही चालत नाही इथे. जुन्या रजिस्टरात नमुने आहेत, गिरव दोन दिवस."

"आणि... बाई कुठे आहेत?"

"रजेवर."

"कधी येतील?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मग म्हणाले, "येतील की."

आणि ते हजेरीचं मशीन! दाराशी भिंतीवर लावलेलं, अंगठा टेकवायचं. म्हटलं, "काका, माझा अंगठा नोंदवलेला नाही अजून." शिपाईकाका म्हणाले, "लाव तर खरं." लावला. हिरवा दिवा, आणि आतून तो गोड आवाज, 'ओळख पटली. धन्यवाद.' आणि पडद्यावर बाईंचं नाव. बाईंचं! अंगठा माझा! मी म्हटलं, "अहो काका, हे चुकतंय." काका म्हणाले, "मशीन आहे ते. माणसासारखं चुकतं होय?" त्या संध्याकाळी मी घरी जाऊन अंगठा तीनदा साबणानं धुतला. घाबरून नाही हं. दचकून.

आता तुम्ही म्हणाल, हे एकटीच्या नशिबी आलं बिचारीच्या. तर नाही! मी एकदा झाडूवाल्या मावशींना विचारलं, "मावशी, सकाळी तुम्ही बसता का हो माझ्या खुर्चीत?" मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "मी? त्या खुर्चीला मी फडकंसुद्धा लावत नाही, लांबून झटकते." मग जवळ येऊन हळूच, "आणि मी तरी कुठे मी आहे गं? हजेरीवर एक बाप्या आहे. हा असा झुपकेदार मिशीवाला. त्याचं सायकलींचं दुकान आहे, तो कशाला येतोय झाडायला? त्याच्या जागी मी."

"आणि कुणी ओळखपत्र मागितलं तर?"

"त्याचंच दाखवते. मिशीवर बोट ठेवून."

"म्हणजे रोज तुम्ही त्याच्या जागी..."

"रोज नाही बाई, सोमवारी मला धुण्याभांड्याची दोन घरं असतात. सोमवारी माझी जाऊ येते. तुझ्याशी बोलते ना छान?"

तीन महिने! तीन महिने दर सोमवारी मी त्यांच्या जावेला "मावशी, गुडघा कसा आहे" विचारत होते आणि ती मला "बरा आहे गं" सांगत होती, दुसरीच्या गुडघ्याचं! अंगावर काटा येतो की नाही? मग मला नादच लागला. गेटवरच्या वॉचमनच्या खिशावरचं नाव त्याच्या आधीच्या वॉचमनचं, कारण कंपनी शर्ट देते, नाव बदलून देत नाही. बाहेर फुटपाथवर झेरॉक्सवाला आहे, तो कुणाचाच नोकर नाही, त्याला ना सरकार ओळखतं ना कुठली कंपनी, पण ऑफिसचे सगळे फॉर्म त्याच्याकडे, नियमांचं जाडं पुस्तक त्याच्याकडे, आणि आमचे साहेब अडले की खिडकीतून त्यालाच हाक मारतात, "अहो, कलम कुठलं ते?" साहेब तरी कोण? प्रभारी. म्हणजे मूळ साहेब दुसऱ्या गावी, त्यांच्या जागी हे, ह्यांची मूळ जागा तिसरीकडे, तिथे कोण बसलंय देव जाणे! अख्ख्या इमारतीत ज्याच्यावर ज्याचं नाव तोच तो, असा एक पाण्याचा कूलर होता. मागून पाहिलं, आतली मोटर दुसऱ्या कंपनीची.

बरं, इतपत मी सोसलं असतं. एवढी शिकलेली मुलगी, सोसायला काय झालं? पण लोक! एक आजोबा आले, हातात काठी, डोळ्यांना जाड भिंगं. काचेला नाक लावून म्हणतात, "बाई, ओळखलंत? बावीस वर्षांपूर्वी तुम्हीच मला घराच्या कागदाची नक्कल दिली होतीत. आता तीही हरवली." म्हटलं, "आजोबा, बावीस वर्षांपूर्वी मी चार वर्षांची होते." आजोबा हसले. "तेव्हाही तुम्ही असंच काहीतरी बोलून हसवलं होतंत. काही बदलला नाहीत!" मी गेले, रजिस्टर काढलं, बावीस वर्षांपूर्वीचं पान काढलं. नोंद होती. खाली सही होती. आणि ती सही... तुम्हाला सांगते, माझ्या सहीसारखी होती. बाईंच्या सहीसारखी मी करते ते वेगळं, ती माझ्यासारखी होती. शेवटच्या अक्षरावर पेन जरा दचकतं ना माझं, तसं तिथेही दचकलेलं.

मी तडक भाऊसाहेबांकडे. "खरं सांगा, तुम्ही बाईंना पाहिलंय?"

"म्हणजे काय! मी लागलो तेव्हा त्यांच्या जागी दोन वेण्यांची एक होती. मग एक कुरळ्या केसांची. मग एक आली, सारखी शिंकायची. मग तू."

"अहो, त्या सगळ्या माझ्यासारख्याच! खऱ्या बाई?"

ते खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "एक मात्र आहे. सगळ्या वेळेवर यायच्या."

आणि घरी वेगळीच तऱ्हा. खिडकीच्या काचेतलं भोक डावीकडे आहे ना, तर माझी मान डावीकडे झुकायला लागली. आई म्हणाली, "सरळ बघत जा गं, मुलाकडचे आले तर काय म्हणतील?" आईनं नुसतं 'अगं बाई' म्हटलं तरी मी आतल्या खोलीतून "बोला" म्हणायची. परवा दूधवाल्यानं बेल वाजवली, मी दार चार बोटं उघडलं आणि फटीतून विचारलं, "झेरॉक्स जोडलीत?" बिचारा पिशवी पायरीवर ठेवून जो गेला, तो आता खालूनच हाक मारतो.

अशात बाबांनी एका जाहिरातीला गोल केला. एक नाही, तीन गोल, एकात एक. दुसऱ्या खात्यात कायम जागा. कायम! म्हणजे स्वतःच्या नावाचा पासवर्ड, स्वतःची सही, मी रजेवर गेले तर रजेवर गेलेली मीच! अटी दोनच. दोन वर्षांचा अनुभव, प्रमाणपत्रासह. आणि वय सत्तावीसच्या आत. मला सत्तावीस पूर्ण व्हायला दोन महिने राहिलेले. म्हणजे ही जागा गेली की पुढच्या जाहिरातीला मी उभीसुद्धा राहू शकत नाही. अर्जाची मुदत महिनाअखेर, संध्याकाळी साडेपाच. बाबा त्या दिवशी चक्क बोलले. "अगं, दोन वर्षं तर तुझी झालीच! नुसता एक कागद आणायचा." त्यांची कंपनी एका शुक्रवारी कुलूप लावून मोकळी झाली होती, तेव्हापासून 'कायम' हा शब्द ते देवाच्या नावासारखा घेतात.

नुसता एक कागद! मी एजन्सीत गेले. साहेब म्हणाले, "देतो की. लिहितो... 'मनुष्यबळ पुरवले, संख्या एक.'"

"आणि माझं नाव?"

"नावं नसतात करारात. संख्या असते. तू एक आहेस."

"एक काय?"

"नग."

मग भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब म्हणाले, "देऊ की. तुझं काम दाखव फक्त."

"अहो, दोन वर्षं तुमच्या समोर..."

"कॉम्प्युटर काय म्हणतो ते सांग. दोन वर्षांत नकला कुणी दिल्या?"

"बाईंनी."

"सह्या?"

"बाईंच्या."

"हजेरी?"

"...बाईंची."

"मग तू काय करत होतीस?"

आणि तुम्हाला सांगते, एक क्षण, एकच क्षण, मला आठवेना. मी कुठे होते दोन वर्षं? डोळ्यांसमोर खिडकी येत होती, पण ती बाहेरून! घाबरले नाही मी. पण कूलरपाशी जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

भाऊसाहेबांना दया आली असावी. माणूस वाईट नाही हो, फक्त बघतो भलतीकडे. म्हणाले, "एक वाट आहे. खिडकीवर मदतनीस कोण होतं याचा दाखला त्या खिडकीचा कायम कर्मचारी देऊ शकतो. बाईंकडे अर्ज कर. रीतसर."

"रीतसर म्हणजे?"

"खिडकीतून."

केला अर्ज! काय करणार? जेवणाच्या सुट्टीनंतर मी बाहेर जाऊन चार नंबरच्या रांगेत उभी राहिले. माझ्यामागची बाई हळूच विचारते, "कशा आहेत हो आतल्या बाई? चिडक्या आहेत म्हणतात." म्हटलं, "नाही हो. दचकतात फक्त." पहिलाच नंबर माझा होता, मी अर्ज काचेखालून आत सरकवला, बाजूच्या दारानं आत गेले, खुर्चीत बसले आणि अर्ज वाचायला घेतला. 'माननीय बाई यांस, सविनय विनंती की...' चांगला लिहिला होता हो! अक्षर सुंदर, समास सोडलेला. माझ्या डाव्या हाताला दोन शिक्के असतात, 'मंजूर' आणि 'अपूर्ण'. मला 'मंजूर' उचलायचा होता. शपथेवर सांगते, मनात 'मंजूर', डोळ्यांसमोर 'मंजूर', आणि हात गेला, उचलला, धप्प! 'अपूर्ण'. आणि त्याच हातानं खाली शेरा लिहिला, 'अर्जदाराची ओळख पटत नाही', सही केली आणि कागद भोकातून बाहेर भिरकावला. मग तो उचलायला मलाच धावत बाहेर जावं लागलं. मागची बाई म्हणाली, "तरी मी म्हणत होते, चिडक्या आहेत."

आता राग कुणावर काढू? आणि शेऱ्यात चूक तरी काय होती? मी बाईंच्या जागी असते... म्हणजे होतेच... तर मीही तेच लिहिलं असतं!

ओळख पटवायला मशीनशी गेले. अंगठा लावला. 'ओळख पटली. धन्यवाद.' बाई. डावा अंगठा. बाई. तर्जनी, मधलं बोट, करंगळी... बाई, बाई, बाई. शेवटी रडत रडत कोपर टेकवलं हो मी! 'ओळख पटली. धन्यवाद.'

त्याच दुपारी सूचनाफलकावर कागद लागला. चार नंबरच्या बाई चौतीस वर्षांच्या सेवेनंतर महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत, निरोप समारंभ दुपारी चारला, वरच्या हॉलमध्ये, सर्वांनी उपस्थित राहावे. महिनाअखेर! माझ्या अर्जाचा शेवटचा दिवस! भाऊसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "हीच संधी आहे. समारंभानंतर साहेब निवृत्तीच्या फाइलीवर सह्या करतील. साहेब सही करताना वाचत नाहीत. तुझा कागद मी त्यात सरकवतो. तू फक्त तेवढं बसून घे."

"कुठे?"

"बाईंच्या जागी. पुष्पगुच्छ काय खुर्चीला द्यायचा?"

बसले. हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बशांतून बिस्किटं, शिट्ट्या मारणारा माइक. प्रभारी साहेब उभे राहिले. "बाईंनी चौतीस वर्षं या खिडकीची सेवा केली..." आणि माझ्याकडे हात केला. मी, वय वर्षं सव्वीस, केसाला क्लिप. मला वाटलं आता कुणीतरी हसेल. एकजण तरी हसा रे! कुणी हसलं नाही. दोन नंबरची मुलगी आठ महिन्यांपूर्वी लागलेली, ती माझ्या गळ्यात पडून हुंदके देते, "तुम्ही होतात म्हणून मी टिकले इथे, बाई!" अगं, तुझ्यापेक्षा मी दोन वर्षांनी लहान आहे! मावशी डोळे पुसत होत्या. सोमवार होता, म्हणजे त्या मावशीही नव्हत्या. साहेबांनी एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, पुष्पगुच्छ दिला, आणि भाऊसाहेब म्हणाले, "बाई, दोन शब्द बोला." बोला! आज सकाळपर्यंत मला 'बोल' म्हणणारा माणूस!

मी ठरवलं. उठायचं आणि सांगून टाकायचं, मी बाई नाही, माझं नाव अमुक, मी दोन वर्षं काम केलंय, मला माझा कागद द्या. पाठ करून ठेवलं होतं मी हे वाक्य. उठले, माइक धरला, तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "मी लागले तेव्हा चार नंबरला खिडकी नव्हती. नुसती भिंत होती."

साहेबांनी बिस्किट बशीत परत ठेवलं.

"भिंत फोडून चौकट बसवली त्या दिवशी सुताराचा अंगठा चिरला. आतल्या बाजूला, खाली, अजून डाग आहे."

आणि शिपाईकाका, सगळ्यांत जुने, सावकाश उभे राहिले. डोळ्यांत पाणी. "खरं आहे," म्हणाले. "तो सुतार माझा मामा. हे बाईंशिवाय कुणाला ठाऊक नाही."

मला कुणी सांगितलं नव्हतं हो! कुणी म्हणजे कुणीच नाही! समारंभ संपल्यावर मी खाली धावले, चार नंबरची चौकट आतून, खालून, वाकून बघितली. आहे. तपकिरी डाग आहे. चहाचा असेल. असेल ना चहाचा? तुम्ही म्हणा ना, चहाचा असेल!

पाच वाजता भाऊसाहेब जिना उतरून आले, चेहरा उजळलेला. "घ्या. झाली सही. नाव तुमचंच टाकलंय, खरं नाव." मी कागद बघितला आणि डोळे भरून आले. माझं नाव! पहिल्यांदाच, या इमारतीतल्या कागदावर, माझं नाव! आणि पुढे... 'यांनी या कार्यालयात चौतीस वर्षे सेवा केली असून नियत वयोमानानुसार निवृत्त झाल्या आहेत.'

"भाऊसाहेब! चौतीस?"

"बाईंच्या फाइलीत सरकवायचं तर वर्षं बाईंचीच येणार. आणि दोन वर्षांच्या अनुभवाला विचारतं कोण? असू द्या चौतीस!"

वेळ कुठे होता भांडायला? एका हातात घड्याळ, एका हातात पुष्पगुच्छ, दातात कागद, रिक्षा केली, पाच वाजून बावीस मिनिटांनी त्या दुसऱ्या ऑफिसच्या खिडकीशी. आत माझ्याच वयाची एक मुलगी. कागद वाचला. परत वाचला.

"वय?"

"सव्वीस."

"अनुभव?"

"चौतीस."

"म्हणजे जन्माच्या आधी आठ वर्षं कुठे होतात?"

आणि माझ्या तोंडून पटकन, अगदी सहज निघून गेलं, "चार नंबरला."

तिनं माझ्याकडे बघितलं. हसली नाही. "हे बघा, निवृत्त माणसाला नव्यानं लावता येत नाही," म्हणाली, आणि शिक्का उचलला. धप्प. नामंजूर. काय सुबक मारला हो, एक कड फिकी नाही! मी म्हटलं, "छान मारता. तुम्ही इथे कायम का?" तिनं इकडेतिकडे बघितलं, काचेजवळ आली, मान डावीकडे झुकवून अगदी हळू म्हणाली, "मी नाही हो. मी कुणाच्या तरी जागी आहे." आणि खिडकी बंद झाली. साडेपाच.

घरी गेले. बाबांना काय सांगणार? नुसता कागद पुढे केला. ते चष्मा लावून वाचत बसले. मला वाटलं आता गप्प होतील, परत ते न बोलणं सुरू होईल. पण बाबांनी स्टूल आणलं, खिळा ठोकला, माझं घड्याळ भिंतीवर लावलं आणि खाली उभं राहून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चला. या घरातला एक माणूस तरी रिटायर होईपर्यंत नोकरीत राहिला."

मंगळवारी सकाळी एजन्सीच्या साहेबांचा फोन. "आजपासून परत जा."

"कुठे? बाई निवृत्त झाल्या!"

"म्हणूनच. निवृत्त लोकांना आता करारावर घेतायत, अनुभवी म्हणून. बाईंना घेतलंय परत. आमच्यामार्फतच."

"मग बाई जातील ना! मी कशाला?"

पलीकडे शांतता. पहिल्यांदाच, दोन्ही फोन शांत. मग साहेब म्हणाले, "बाई नाही म्हणाल्या."

"म्हणाल्या? कुणाला म्हणाल्या?"

"मला. आत्ताच फोन होता त्यांचा. म्हणाल्या, ती मुलगी आहे ना, तिलाच पाठवा. छान बसते."

माझ्या हातातला फोन खाली पडला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय झालं गं?" घड्याळात बघितलं, नऊ वाजून पाच. आता तुम्ही म्हणाल, बयो, पळ! लांब कुठेतरी पळून जा! अहो, मलाही कळतं. पळायलाच निघाले होते मी. चप्पल घातली, पर्स घेतली, जिना उतरले, कोपऱ्यापर्यंत पळालेसुद्धा, आणि तिथून बस धरली, आणि साडेनऊला ऑफिसात.

काय करू? बाईंना उशीर झालेला मला चालत नाही.